अक्नाशीन ते शील्डेग : एका डोंगरी सडकेची हकीकत

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखाला, ज्यास हायलँड्स म्हणतात, जगभरच्या प्रवाशांत जी कीर्ती लाभली आहे ती बहुतांशी जुने किल्ले, व्हिस्कीच्या भट्ट्या, चौकड्यांचे घागरे घातलेले पुरुष आणि एका सरोवरात कधी कोणाला नीट न दिसलेला राक्षस यांच्यावर उभी आहे. परंतु हा मुलूख ज्याला खरोखर पाहावयाचा असेल त्याने या चारही गोष्टी खुशाल बाजूस ठेवाव्यात आणि एखादी साधी खेडवळ सडक निवडून तीच निरनिराळ्या ऋतूंत पुनःपुन्हा तुडवावी, असे माझे मत आहे. नव्या सडकेवर मनुष्य वळणे आणि पाट्या पाहतो. पक्षी, झाडे आणि खडक दिसू लागण्यासाठी सडक आधी ओळखीची व्हावी लागते. माझ्या ओळखीची झालेली सडक अक्नाशीन नावाच्या लहानशा रेल्वे स्थानकापासून निघते आणि किनलॉख्यू व टॉरिडन या दोन वस्त्यांवरून पश्चिम समुद्राच्या खाडीवरील शील्डेग या खेड्यास जाते. अंतर सुमारे 45 किलोमीटर. मोटारीने हे अंतर तासाभरात कापता येते असे म्हणतात. ज्यांनी ते तसे कापले असेल त्यांचा मला हेवा वाटत नाही.

अक्नाशीन म्हणजे एक स्थानक, थोडी घरे आणि पुष्कळसे आकाश. डिंगवॉलपासून पश्चिम किनाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग 1870 साली सुरू झाला तेव्हा या आडजागेला एकाएकी महत्त्व आले, कारण किनाऱ्यावरील गावांचे उतारू व टपाल येथे उतरून पुढे घोडागाडीने जाऊ लागले. 1877 साली खुद्द व्हिक्टोरिया राणी येथेच आगगाडीतून उतरून लॉख मरी या सरोवराकडे गेली आणि तेथील हॉटेलात सहा रात्री राहिली. स्थानकाच्या पश्चिमेस, सडकेला फाटा फुटतो त्या चौकाशी, मैदानात कोणी कुदळ-फावड्याने आखून काढाव्यात अशा सपाट माथ्यांच्या पायऱ्या दिसतात. नवख्या माणसाला हे एखाद्या जुन्या गढीचे तट वाटतात. वास्तविक सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमनद्या वितळत असता त्यांच्या पाण्याने वाहून आणलेली वाळू व गोटे बर्फाने अडवलेल्या तळ्यात थरांनी साठत गेले, आणि तळे ओसरल्यावर हे चबुतरे तेवढे मागे उरले. या सबंध प्रदेशाचा मूळ कारागीर बर्फ होय. दऱ्यांचे रुंद तळ, डोंगरांच्या कुशीतील अर्धगोल कोनाडे, लांबट सरोवरे ही सर्व त्याचीच कामगिरी आहे.

तेथून सडक लॉख रोस्क या लांबोड्या सरोवराच्या काठाने चालते. स्कॉटलंडमध्ये सरोवरास आणि समुद्राच्या खाडीसही लॉख हा एकच शब्द लावतात, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. वायव्येकडील अशा निवांत सरोवरांवर उन्हाळ्यात काळ्या गळ्याचा पाणबुडा पक्षी वीण घालण्यास येतो. राखी डोके, गळ्याशी काळा पट्टा आणि पाठीवर पांढऱ्या चौकटींची नक्षी असलेला हा पक्षी पाण्यात जितका देखणा तितकाच जमिनीवर दीनवाणा. कारण त्याचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाशी असल्यामुळे त्याला धड चालता येत नाही, आणि म्हणून तो आपले घरटे काठापासून हात-दोन हातांवरच करतो. साहजिकच पाऊस जोराचा झाला की अंडी बुडतात आणि पाणी ओसरले की घरट्यापर्यंत पोचणे मुश्किल होते. सबंध ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या सुमारे दोनशेच जोड्या वीण घालतात. त्यामुळे काही सरोवरांवर पक्षिरक्षकांनी मातीचे व गवताचे तरंगते तराफे नांगरून ठेवले आहेत, जे पाण्याबरोबर वर-खाली होतात आणि ज्यांच्यावर हा पक्षी बिनतक्रार संसार मांडतो.

सरोवर संपले की चढ लागतो, आणि चढाच्या माथ्यावरून ग्लेन डॉकर्टी नावाची दरी एकदम पायांखाली उघडते. दोन्ही बाजूंचे उतार तिरपे खाली येऊन मिळालेले, त्यांच्या फटीतून सरळ उतरत गेलेली सडक, आणि टोकाला, डोंगरांच्या पलीकडे पसरलेले लॉख मरीचे वीस किलोमीटर लांबीचे पाणी. येथे प्रत्येक मोटार थांबते, आणि प्रत्येक मोटारीतून उतरलेला मनुष्य थोड्याफार फरकाने तेच उद्गार काढतो: मनुष्याचा हात न लागलेला निसर्ग! या उद्गाराशी माझे मोठे भांडण आहे. या दरीच्या उतारांवर एकही झाड नाही, एकही धूर निघणारे धुराडे नाही, गुरे नाहीत, शेत नाही, हे खरे. पण हे नसणे मनुष्याने केलेले आहे, आणि त्याची तारीखवार हकीकत दप्तरांत नमूद आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत या दऱ्यांतून लोक राहत होते. ओट आणि जव पेरीत, काळी लहानखुरी गुरे पाळीत, उन्हाळ्यात ती गुरे घेऊन वरच्या कुरणांवर झोपड्या घालीत. जमीन घराण्याच्या प्रमुखाची आणि माणसेही त्याचीच, असा एकंदर सरंजामी मामला होता. प्रमुखाने हाक दिली की कुळांनी तलवार घेऊन निघावे, असा वहिवाटीचा करार होता. त्या कराराचा एक धागा थेट आपल्या मुलखात येऊन पोचतो. 1793 साली सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्याच्या प्रमुखाने रॉस परगण्यातून आणि लुईस बेटावरून माणसे भरती करून 78 वी पलटण उभी केली, आणि दहाच वर्षांनी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, भोकरदनजवळच्या असईच्या रणात शिंदे व भोसले यांच्या फौजेवर जे गोरे पायदळ चालून गेले त्यात ही पलटण होती. त्या लढाईची निशाणी म्हणून पलटणीच्या चिन्हात पुढे हत्ती आला. खेळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात पडलेल्या त्या शिपायांच्या आप्तांना इकडे काय मिळाले, तर बेदखलीची नोटीस. कारण मालकांना आता तलवारींची गरज उरली नव्हती, पैशाची होती. आणि दक्षिणेकडील मेंढपाळ मोठ्या खंडाने सबंध दऱ्याच्या दऱ्या घेण्यास तयार होते. 1792 मध्ये रॉस परगण्यातील लोकांनी एकजुटीने मेंढ्यांचे कळप हाकून लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सरकारने फौज पाठवून तो मोडला. त्यानंतर दोन पिढ्या घरे रिकामी होत राहिली. कोणी किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्टीवर बसवले गेले, कोणी कॅनडाला गेले. कुळांना जमिनीवर कायमचा हक्क देणारा कायदा झाला तो 1886 साली, म्हणजे बहुतेक माणसे निघून गेल्यावर.

किनाऱ्यावर कोंबलेल्या त्या माणसांचा सगळा भार बटाट्यावर होता, आणि 1846 साली बटाट्यावर रोग पडला. मग दुष्काळी कामे निघाली. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी दुष्काळी कामांवरील खडीच्या ज्या कथा आहेत त्यांचा हा स्कॉटिश नमुना: दिवसभर दगड फोडावेत आणि संध्याकाळी मोजून ओटचे पीठ घ्यावे. किनलॉख्यूहून लॉख मरीच्या दक्षिण काठाने गेअरलॉखकडे जाणारा रस्ता याच कामातून झाला, आणि त्यामागे त्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या मॅकेन्झी घराण्यातील विधवा बाईंची खटपट होती. थोडे उत्तरेस डंडॉनेलकडे जाणाऱ्या सडकेला तर आजही लोक ‘कंगालीची सडक’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात. आज त्याच सडकांवरून आरामशीर मोटारी फिरतात आणि आतली मंडळी निर्मनुष्य सौंदर्याची वाखाणणी करतात.

याच बाईंचा मुलगा ऑसगुड मॅकेन्झी हा मोठा विलक्षण मनुष्य. त्याने 1862 पासून इन्व्हर्यू येथे उघड्या खडकावर टोपल्यांनी माती वाहून एक नामांकित बाग उभी केली, आणि त्याच हातांनी रानातील पाखरे मारली. 1868 या एका वर्षात त्याने 1,314 ग्राउझ पक्षी मारल्याची नोंद त्याच्या 1921 मधील आठवणींच्या पुस्तकात आहे, आणि त्याच पुस्तकात पूर्वीची पाखरे आता कोठे दिसेनाशी झाली याबद्दल हळहळही आहे. या दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या लेखणीतून उतरल्या, यात त्या काळाचे सगळे मर्म आले. मेंढीचा धंदा बसल्यावर मालकांनी डोंगर शिकारीसाठी राखून ठेवले. ग्राउझसाठी गरुड, ससाणे, रानमांजरे यांचा नायनाट झाला; हरणांची मात्र वाढ होऊ दिली गेली. लांडगा सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच संपला होता. तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे आधी मेंढी आणि मग हरीण कोवळे रोप वर डोके काढताच ते खात आले आहेत, आणि ग्लेन डॉकर्टीचे ते गुळगुळीत उतार, ज्यांच्यापुढे आपण टोपी काढून उभे राहतो, हा त्या चराईचा परिणाम आहे.

उतार संपवून किनलॉख्यूस पोचले आणि सरोवराच्या काठाने थोडे पुढे गेले की याच गोष्टीचा दुसरा भाग दृष्टीस पडतो. सरोवरापलीकडे स्लिऑखचा 981 मीटर उंचीचा बुरूज. अलीकडे, सडकेच्या डाव्या हाताला, बेन एय पर्वताच्या पायथ्याशी स्कॉट्स पाइन वृक्षांचे जुने अरण्य. एके काळी हायलँड्सचा मोठा भाग अशा अरण्याने व्यापलेला होता; आज त्याचे 84 तुकडे सरकारी यादीत उरले आहेत. हा तुकडाही उरला तो जवळजवळ योगायोगाने. सतराव्या शतकाच्या आरंभी लॉख मरीच्या उत्तर काठावर लोखंड गाळण्याच्या भट्ट्या चालत आणि कोळशासाठी ओकची राने जाळली गेली. दुसऱ्या महायुद्धात इथल्या पाइनवरही कुऱ्हाड चालली. अखेर 1951 साली नव्याने स्थापन झालेल्या निसर्गरक्षण खात्याने हा डोंगर विकत घेतला आणि बेन एय हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य जाहीर झाले. कुंपणे घातली गेली, जुन्या झाडांचे बी गोळा करून रोपवाटिकेत वाढवले गेले, आणि काही वर्षांनी कुंपणापेक्षा हरणांची संख्याच आटोक्यात ठेवणे अधिक श्रेयस्कर, हा शहाणपणा आला. आज जुन्या झाडांच्या मधून भूर्ज, रोवन आणि कोवळ्या पाइनची दाटी आपोआप वर येताना दिसते. विशेष असे की या पश्चिमेकडील पाइनच्या राळेचे रासायनिक घटक देशाच्या पूर्वेकडील पाइनहून वेगळे आढळले आहेत; म्हणजे दुसरीकडून रोपे आणून हे अरण्य पुन्हा लावता आले नसते.

सडकेवरून हे अरण्य कळत नाही, म्हणून येथे उतरून पायवाट धरावी. पाइनची साल खाली करडी आणि भेगाळ, वर फांद्यांकडे नारिंगी. पाऊस पडून गेल्यावर ती विस्तवासारखी उजळते. मुळांशी शेवाळाच्या गाद्या आणि त्यांवर ब्लेबेरीची झुडपे. वाटेच्या मध्यभागी, अगदी सपाट दगड पाहून टाकलेली, बोटाएवढी पिळदार लेंडी दिसेल आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तिच्यात रोवनच्या लाल फळांच्या साली स्पष्ट ओळखू येतील. ही पाइन मार्टेन या तपकिरी अंगाच्या आणि पिवळसर गळ्याच्या प्राण्याची सही समजावी. मुंगूस आणि खार यांच्या मध्ये कोठेतरी बसेल असा हा चपळ मांसाहारी जीव शिकाऱ्यांच्या सापळ्यांनी इतका उणावला होता की त्याचा शेवटचा आसरा याच वायव्य कोपऱ्यात राहिला होता. 1988 साली कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण दिले आणि आता तो येथून पुन्हा दक्षिणेकडे पसरत गेला आहे. वर शेंड्यांतून बारीक टिकटिक ऐकू आली आणि पाइनची फोडलेली बोंडे खाली पडू लागली, तर तो क्रॉसबिल पक्षी. त्याच्या चोचीची दोन टोके एकमेकांवरून ओलांडून गेलेली असतात, आणि बोंडाचे खवले उचकटून बी काढण्याच्या कामी ती वाकडी चोचच उपयोगी पडते.

परत किनलॉख्यूस येऊन टॉरिडनची वाट धरली की सडक एकपदरी होते. समोरासमोर आलेल्या दोन गाड्या येथे एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. म्हणून थोड्याथोड्या अंतरावर सडकेला फुगवटे ठेवलेले असतात, त्यांना पासिंग प्लेस म्हणतात. ज्याच्या बाजूला फुगवटा जवळ त्याने त्यात शिरावे, उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर थांबून समोरच्याला आत शिरू द्यावे, आणि जाणाऱ्याने हात वर करून आभार मानावेत, असा शिरस्ता आहे. मागचा मनुष्य घाईत असेल तर त्यालाही याच फुगवट्यातून पुढे जाऊ द्यायचे असते. हा रस्ता मनुष्याला सक्तीने सभ्य करतो आणि सक्तीने सावकाशही करतो. दुसऱ्या सक्तीबद्दल मी त्याचा अधिक ऋणी आहे, कारण दुपदरी रस्त्यावर हरीण दिसते तेव्हा ते बहुधा मोटारीला धडकण्याच्या बेतात असते.

टॉरिडनच्या दरीचे डोंगर पाहून आपल्याकडील मनुष्याला सह्याद्रीची आठवण व्हावी. तशाच आडव्या पायऱ्या, तसेच ताशीव कडे, तशीच थरांवर थर चढवून केलेली भिंत. परंतु वयात मोठा फरक आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीतून उसळून थिजलेला लाव्हा; लिअगाख या 1,055 मीटर उंचीच्या डोंगराचा तांबूस-जांभळा वालुकाश्म म्हणजे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी झाडाझुडपांवाचूनच्या उजाड भूमीवरून वाहणाऱ्या नद्यांनी टाकलेली वाळू. त्याच्याखाली जो करडा नाइस खडक आहे त्याचे काही भाग तीनशे कोटी वर्षांच्या घरातील आहेत. आणि शेजारच्या बेन एयच्या माथ्यावर जे शुभ्र दिसते, ज्याला उन्हाळ्यातही लोक बर्फ समजतात, तो क्वार्टझाइट आहे, पन्नास कोटी वर्षांहून अधिक जुन्या उथळ समुद्राच्या किनाऱ्यावरील वाळूचा. उतारावरून घरंगळत आलेला या क्वार्टझाइटचा एखादा धोंडा हाताशी असेल तर त्याचा सपाट पृष्ठभाग निरखावा. त्यावर नाण्याएवढ्या फिक्या गोल ठिपक्यांची गर्दी आढळेल आणि बाजूने पाहिल्यास तेच ठिपके उभ्या नळ्यांसारखे आत गेलेले दिसतील. त्या प्राचीन वाळवंटीत राहणाऱ्या किड्यांची ती बिळे आहेत. लिअगाखच्या वालुकाश्मात अशी एकही खूण सापडत नाही. त्या दोन खडकांच्या दरम्यानच्या काळात प्राण्यांनी पृथ्वीवर वस्ती केली.

किनलॉख्यूच्या आसपास मात्र थरांचा क्रम उलटा आहे, जुना खडक नव्याच्या वर. यावरून एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांत मोठा कज्जा माजला होता. शेवटी बेन पीच आणि जॉन हॉर्न या दोन सरकारी सर्वेक्षकांनी डोंगरन् डोंगर पायाखाली घालून दाखवून दिले की भूमीच्या प्रचंड रेट्याने पूर्वेकडील जुने खडक पश्चिमेकडे किलोमीटरच्या किलोमीटर सरकून नव्या खडकांवर चढून बसले आहेत. त्यांचा 1907 सालचा ग्रंथ भूशास्त्रात आजही मानाने उल्लेखिला जातो.

दरीच्या मध्यभागी डाव्या हाताला शेकडो ओबडधोबड टेकाडे दाटीने उभी दिसतात. हा हिमनदीने जाता जाता टाकलेला राडारोडा. त्यांच्या मधल्या खळग्यांत पाणी तुंबून दलदल झाली आहे, आणि हायलँड्सचे निम्मे जीवन या दलदलीत आहे. थंडीमुळे व आम्लतेमुळे मेलेले शेवाळ येथे कुजत नाही, दबत जाते आणि वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने त्याचे पीट बनते. दोन मीटर खोल पीट म्हणजे दोन हजार वर्षांचा संचय. त्याच्यावर सातारच्या कास पठारामुळे वाचकांच्या ओळखीची झालेली एक वनस्पती वाढते. आपण तिला दवबिंदू म्हणतो, शास्त्रज्ञ ड्रोसेरा. इथली जात वेगळी असली तरी लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब धरून किडे पकडण्याची युक्ती तीच, आणि जमिनीत नत्र नाही ही अडचणही तीच. किडे येथे भरपूर. मिज नावाची चिलटे मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, वारा पडला आणि ढग आले की, ढगानेच येतात आणि त्यांच्या माद्या कान, पापण्या, मनगटे असे काही सोडत नाहीत. बारीक झुळूक आली तरी त्यांना उडता येत नाही. म्हणून ज्या वाऱ्याला प्रवासी नावे ठेवतो त्याच्याच मेहेरबानीने त्याला जेवण करता येते. येथील लोक बॉग मर्टल या सुगंधी झुडपाचा पाला अंगाला चोळतात. त्याचा गुण मला तरी निम्माच आला.

तांबडे हरीण, आपल्या सांबराचे आणि काश्मिरी हंगुलाचे भाऊबंद, उन्हाळ्यात चिलटांच्या त्रासाने माथ्यांवर जाते, तेव्हा सडकेवरून ते क्वचितच दिसते. ऑक्टोबरात माजावर आलेल्या नरांच्या डरकाळ्या सबंध दरीत घुमतात. हा आवाज मृगकुळातल्या प्राण्याचा आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. आणि जानेवारीत, बर्फाने माथे झाकले की तीच जनावरे सडकेच्या कडेला येऊन उभी राहतात, केस पिंजारलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि मोटारीच्या दिव्यांकडे निर्विकारपणे पाहतात. मूळचा हा अरण्यात राहणारा प्राणी. अरण्य गेल्यामुळे उघड्या डोंगरावर राहतो आणि दक्षिणेकडील आपल्या जातभाईंहून अंगाने खुजा राहिला आहे. दरवर्षी काही हरणे गोळी घालून कमी केली जातात. आपल्या अहिंसाप्रिय मनाला हे रुचत नाही. पण लांडगा नसलेल्या डोंगरावर बंदूक बंद ठेवणे म्हणजे त्यांना मार्चमध्ये उपाशी मरू देणे आहे, आणि उपासमारीपूर्वी ती उरलेसुरले रोपही खाऊन टाकतील. मी तरी गोळीच्या बाजूचा आहे.

टॉरिडन गावाशी खाडी लागते आणि हवेला मिठाचा व समुद्रशेवाळाचा वास येतो. सडक आता खाडीच्या दक्षिण काठाने पाइनच्या गर्द पट्ट्यांतून वर-खाली होत जाते. ओहोटीच्या वेळी खडकांवर लोळणारे सील सहज दिसतात. पाणमांजर मात्र चिकाटी मागते. ते येथे समुद्रात मासे व खेकडे पकडते, पण खाऱ्या पाण्याने केस चिकटले की त्यांची ऊब जाते, म्हणून गोड्या पाण्याचा ओहोळ जेथे खाडीला मिळतो तेथे ते अंग धुण्यास येते. नुसत्या खाडीवर नजर फिरवीत बसण्यापेक्षा असा एखादा ओहोळ हेरून त्याच्या तोंडाशी थांबणारा मनुष्य शहाणा.

गरुडाविषयी मात्र प्रवाशांची बहुधा फसगत होते. तारेच्या खांबावर ऐटीत बसलेला तपकिरी पक्षी म्हणजे बझर्ड. येथील लोक त्याला गमतीने प्रवाशांचा गरुड म्हणतात. सुवर्णगरुड खांबावर बसत नाही, तो लिअगाखच्या धारेवर दूर ठिपक्याएवढा तरंगतो. खाडीवरचा खरा मालक समुद्रगरुड, जवळजवळ अडीच मीटर पसाऱ्याच्या पंखांचा. याची ब्रिटनमधील शेवटची वीण 1916 साली स्काय बेटावर झाली आणि दोन वर्षांनी शेटलंडमध्ये शेवटचा पक्षी गोळीला बळी पडला. त्यानंतर नॉर्वेहून पिले आणून 1975 ते 1985 या काळात रम बेटावर 82 पक्षी सोडले गेले, 1985 मध्ये पहिले पिलू उडाले, आणि 1993 ते 1998 च्या दरम्यान याच वेस्टर रॉस किनाऱ्यावर आणखी 58 सोडले गेले. आता ते पुन्हा येथले रहिवासी झाले आहेत. किनाऱ्यावरील मेंढपाळांची तक्रार अशी की गरुड त्यांची कोकरे नेतात, आणि ती तक्रार सर्वस्वी खोटी नाही. भरपाईच्या योजना आहेत, वादही चालू आहेत. ज्यांच्या पणज्यांना मेंढ्यांसाठी हाकलले त्यांनाच आज गरुडांसाठी समजूतदारपणा शिकवण्याचा अधिकार शहरातील पक्षिप्रेमींना कितपत आहे, हा प्रश्न मला तरी सोपा वाटत नाही.

शील्डेग हे पांढऱ्या घरांची एकच ओळ असलेले खेडे 1800 च्या सुमारास सरकारने मुद्दाम वसवले, ते नेपोलियनशी लढण्यास आरमाराला खलाशी मिळावेत म्हणून. माणसांना जमीन आणि बोटी दिल्या, पुढे युद्ध संपले आणि लोक मासे पकडीत राहिले. समोरच्या लहानशा बेटावर पाइनची दाट झाडी आहे. मेंढ्या आणि हरणे सहसा तेथे पोचत नाहीत, हे ती तगण्याचे एक कारण. मघाच्या उघड्या दऱ्यांविषयी जे म्हटले त्याची खात्री पटवून घ्यावयाची असल्यास हे बेट पुरे आहे.

2015 पासून या सडकेचा बराचसा भाग ‘नॉर्थ कोस्ट 500’ नावाच्या प्रवासी मार्गात गोवला गेल्यामुळे उन्हाळ्यात तिच्यावर घराएवढ्या मोटारींची रीघ लागते, आणि लंडनला शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलांकडे गेलेली आपली मराठी मंडळीही तीत असतात. त्यांना माझे सांगणे एवढेच. शक्यतो मे महिन्याच्या पूर्वार्धात जावे, कारण तेव्हा चिलटे नसतात, पाणबुडे आलेले असतात आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. नाही तर ऑक्टोबरात, हरणांच्या डरकाळ्या ऐकण्यास. लहान मुलांना उंच गवतातून चालवल्यावर त्यांच्या पायांवर गोचिडी आहेत का ते तपासावे, कारण त्यांपासून लाइम नावाचा रोग होतो. किनलॉख्यूजवळच्या अभयारण्याच्या केंद्रावर गाडी लावून निदान तासभर तरी अरण्यात चालावे. आणि छायाचित्र घेण्यासाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी कधीही उभी करू नये. ती जागा डॉक्टरची, टपालवाल्याची आणि शाळेच्या गाडीची आहे.